डाव्या बाजूचे दोन दिवे

वायरमन म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शॉक किती वेळा बसला? नात्यातल्या लग्नात जेवायला बसलो तरी शेजारचा पाहुणा भात कालवता कालवता हेच विचारतो. या अंकाच्या संपादकांनीही फोनवर तेच सुचवलं, शॉकचे दोन-चार किस्से येऊ द्या म्हणाले. खरं सांगायचं तर शॉकमध्ये सांगण्यासारखं काही नसतं. बसतो, हात झटकला जातो, आपण स्वतःलाच एक शिवी हासडतो आणि पुन्हा कामाला लागतो. ज्याला खरोखर मोठा बसला तो किस्सा सांगायला मागे राहत नाही.

मला आयुष्यभर छळलं ते न सापडलेल्या फॉल्टने. घरमालक छातीठोकपणे सांगतो की फॉल्ट आहे, मीटर म्हणतो नाही, आणि मी त्या दोघांच्या मध्ये स्टुलावर उभा. असं काम अर्धवट टाकून घरी आलो की मला एका जागी बसवत नाही. टीव्ही लावतो, बंद करतो, गॅलरीत जातो, परत येतो. जेवताना डाव्या हाताची बोटं आपोआप नॉब फिरवल्यासारखी फिरत राहतात. बायको म्हणते, ताटाकडे बघा, भिंतीवरच्या बोर्डाकडे काय बघताय. आता गुडघ्यांमुळे शिडीवर चढणं बंद केलंय, मोठी कामं घेत नाही, तरी ही सवय काही गेली नाही.

ज्या कामाबद्दल लिहायचंय ते कळायला टू-वे म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. जिन्याचा दिवा सगळ्यांनी पाहिलेला असतो. खालच्या बटणाने लावायचा, वर जाऊन दुसऱ्या बटणाने विझवायचा. त्या दोन बटणांच्या मध्ये दोन वायरी धावतात. दोन्ही बटणं एकाच वायरीवर असली की दिवा पेटतो, वेगवेगळ्या वायरींवर असली की विझतो. म्हणजे यातलं कुठलंच बटण स्वतःहून चालू किंवा बंद नसतं. दुसऱ्या टोकाला काय चाललंय त्यावर सगळं अवलंबून.

एवढं सोपं आहे, पण माझ्या मामाला ते शेवटपर्यंत पटलं नाही. आम्ही मूळचे हरसूलकडचे. मामाला गोठ्यात दिवा हवा होता, घरातून लावता येईल आणि गोठ्यातून विझवता येईल असा. मी हौसेने टू-वे करून दिला. पुढच्या बाजाराला भेटला तर तोंड फुगलेलं. म्हणाला, "भाच्या, बटान उलटं झालंय. काल खाली केलं का पेटायचा, आज वर केलं का पेटतो. लय कच्चं काम केलं तू." जाऊन पाहिलं तर त्याने बटणावर चुन्याने खूण करून ठेवलेली. मामी गोठ्यातलं बटण दाबून आली की घरातल्या बटणाची दिशा बदलायची. मी कागदावर रेघा काढून समजावलं. मामाने ऐकून घेतलं आणि शेवटी मामीकडे बघून म्हणाला, म्हणजे ही मला न विचारता बटान फिरवते. मामी पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसलो होतो.

गेल्या काही वर्षांत डिमर आले. नाशिकमध्ये फ्लॅट झाले, फ्लॅटला फॉल्स सीलिंग झालं आणि सीलिंगमधल्या दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायला गोल नॉब हवा झाला. गंगापूर रोडच्या एका बाईंनी मला मोबाइलवर कुठल्याशा हॉटेलच्या खोलीचा फोटो दाखवला आणि म्हणाल्या, असा उजेड पाहिजे. मी विचारलं, पण ताई, इथे तुम्ही अभ्यास घेणार ना मुलाचा? त्यांनी फोटो पुढे सरकवला. एकाने पैसे वाचवायला पंख्याचा रेग्युलेटर दिव्यांना जोडला होता, तर दिवे मधमाशांसारखे गुणगुणत होते. शिवाय प्रत्येक एलईडी दिवा डिमरवर चालत नाही. तसा दिवा मुद्दाम मागून घ्यावा लागतो, नाहीतर नॉब कमी केला की दिवे लुकलुकायला लागतात आणि गिऱ्हाईक आम्हाला फोन लावतं.

टू-वेवर डिमर बसवताना मात्र एक नियम: नॉब एकाच टोकाला. दुसऱ्या टोकाला साधं टू-वे बटण, त्याने फक्त लावायचं आणि विझवायचं. हे कुणालाच आवडत नाही. घरात माणसं दोन आणि नॉब एक. तो दाराशी बसवायचा की पलंगाशी, हे खरं तर त्यांनी ठरवायचं, पण मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन उभा असतो आणि दोघं माझ्याकडे बघत असतात. पाथर्डी फाट्याच्या एका नव्या जोडप्याने नाणं उडवून ठरवलं होतं. ती जिंकली आणि तिने नॉब त्याच्या बाजूला द्यायला सांगितला. असं गिऱ्हाईक क्वचित मिळतं.

अण्णांच्या घरी आधीच्या वायरमनने दोन्ही टोकांना डिमर बसवून ठेवले होते.

अण्णा म्हणजे घड्याळजी. रविवार कारंजाजवळच्या एका बोळात त्यांचं छोटंसं दुकान होतं, मी आयटीआयला असल्यापासूनचं. दुकान बंद केल्यावर ते इंदिरानगरच्या वन बीएचके फ्लॅटमध्येच काम करायचे. चावीची जुनी घड्याळं अजूनही लोक त्यांच्याकडे आणून द्यायचे. बेडरूमच्या दाराशेजारी टेबल, टेबलावर दिवा, आणि उजव्या डोळ्याला घड्याळजी लावतात ते काळं भिंग. भिंग लावलं की डावा डोळा मिटून घ्यायचा, ही त्यांची उभ्या आयुष्याची बैठक. पण टेबलावरचा दिवा फक्त हातातल्या घड्याळापुरता. बाजूच्या डब्या, खाली पडलेला स्क्रू, हे सगळं शोधायला वरचा उजेड लागायचा.

आणि अण्णांच्या बायकोला, कुंदावहिनींना, उजेड नको असायचा. त्यांना अर्धशिशी. दुखायला लागलं की त्या त्याच खोलीत पलंगावर डोळ्यांवर ओली घडी ठेवून पडायच्या. एक खोली, एकाला लख्ख उजेड हवा, दुसरीला अंधार. म्हणून अण्णांच्या भाच्याने फॉल्स सीलिंग करून दिलं, त्यात सहा दिवे, आणि कुणीतरी दाराशी एक व पलंगाशी एक असे दोन डिमर ठोकून दिले. दोघंही खूश व्हावेत ही त्यामागची कल्पना.

झालं उलटंच. दोन डिमर एकामागे एक आले की एकाने अर्ध्यावर ठेवला तर दुसऱ्याला पूर्ण फिरवूनही अर्ध्याच्या वर जाता येत नाही. अण्णा आपल्या बाजूचा नॉब करकचून फिरवायचे आणि उजेड वाढायचाच नाही. त्यांना वाटायचं, हिने तिकडून दाबून धरलाय. वहिनींना वाटायचं, मी जरा डोळे मिटले की हे मुद्दाम वाढवतात. मला बोलावलं तेव्हा दोघं एकमेकांशी थेट बोलत नव्हते. चहात साखर किती घातलीय हेसुद्धा अण्णांनी वहिनींना माझ्याकडून विचारायला लावलं.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि एक डिमर काढावा लागेल म्हणालो. कुणाचा, हा प्रश्न आलाच. वहिनींनी क्षणभरही विचार केला नाही. "त्यांच्या हाताशी द्या," म्हणाल्या. "माझं डोकं रोज दुखत नाही. त्यांचं काम रोजचं आहे." मी दाराशी, अण्णांच्या टेबलाजवळ डिमर ठेवला, पलंगाशी साधं बटण बसवलं, दिवेही डिमरवर चालणारे घातले. नॉब तळापासून वरपर्यंत फिरवून दाखवला. उजेड एकसारखा चढला, एकसारखा उतरला. काम छान झालं होतं, आणि छान झालेल्या कामाच्या जागी दोन मिनिटं रेंगाळण्याची मला खोड आहे, तसा रेंगाळलो.

काही दिवसांनी अण्णांचा फोन. उजेड पुन्हा कमी होतोय.

गेलो. मीटर लावला, व्होल्टेज बरोबर. नॉब उघडला, जोडण्या घट्ट. अण्णा म्हणाले, सगळे नाही रे, डाव्या बाजूचे दोन. मी मान वर केली. सहाही दिवे सारखेच लागलेले. अण्णांनीही वर पाहिलं आणि म्हणाले, "आत्ता ठीक आहेत. बघायला गेलं की ठीक होतात. मान खाली घातली की तो कोपरा पुन्हा काळा पडतो." मग आवाज खाली आणून म्हणाले की मी वर पाहतोय असं दिसलं की ती वाढवते. मी म्हटलं, अण्णा, वहिनींच्या हातात आता नॉबच नाही. त्यावर ते म्हणाले, मग बटणात काहीतरी करून घेतलं असेल.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. "नॉब तुमच्या हातात दिला," त्या म्हणाल्या. "आता आणखी काय देऊ?"

मी डावीकडचे दोन दिवे काढून उजवीकडे बसवले आणि उजवीकडचे डावीकडे. तक्रार डावीकडचीच राहिली. होल्डर बदलले. मग डिमर बदलला, दुसऱ्या कंपनीचा घातला. अण्णा दर वेळी दोन दिवस गप्प बसायचे आणि मग फोन यायचा. या काळात माझं कशातच लक्ष नव्हतं. सातपूरला एका शेडचं काम चालू होतं, तिथे पाइप मोजता मोजता माझ्या डोक्यात अण्णांचे दिवे. सहाही दिवे एकाच वायरीवर, एकाच डिमरवर. कमी झाले तर सहा कमी होतील, वाढले तर सहा वाढतील. दोनच कसे कमी होतील? वायरिंगमध्ये हे होऊच शकत नाही, हे मला माहीत होतं, आणि माणूस तर समोर बसून सांगतोय की होतंय. मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभा असताना मागच्याने हॉर्न मारून मारून मला जागं केलं. घरी बायको म्हणाली, त्या घड्याळवाल्यांचं काम सोडून द्या बरं. ते काय सुटतंय.

मग कळलं की वहिनी सिन्नरला बहिणीकडे निघून गेल्या. भांडून नाही, नुसत्या गेल्या. हे मला अण्णांनीच फोनवर सांगितलं, सकाळी, मी शेडवर असताना.

"पवार, कुंदा घरात नाहीये," ते म्हणाले.

मी बरं म्हणालो. मला वाटलं, आता बायकोची तक्रार करतील. पण ते म्हणाले, "दिवे तरीही कमी होतायत."

मी हातातलं काम तसंच टाकून निघालो. अण्णांचा आवाज मला आवडला नव्हता. इतके दिवस त्यांच्या बोलण्यात राग असायचा, आज तो नव्हता.

घरात शिरलो तर सगळे पडदे ओढून घेतलेले, सहा दिवे चालू आणि अण्णा टेबलाशी बसलेले. मी म्हटलं, आज डिमरच काढून टाकतो, वायर सरळ जोडतो. म्हणजे नॉब नाही, काही नाही, जेवढा आहे तेवढा पूर्ण उजेड. मेन बंद करून काढला, जोडलं, मेन चालू केली. खोली लख्ख झाली. विचारलं, आता? अण्णांनी भिंग लावायला घेतलं, मान खाली घातली आणि म्हणाले, डावीकडे तसंच आहे.

मी काढलेला डिमर त्यांच्याकडे धरला, हा घ्या, जपून ठेवा म्हटलं. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा होतो. आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला, तो समोर, टेबलाच्या दिशेने. डिमर त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर होता आणि ते समोर हात फिरवत तो शोधत होते.

फॉल्ट सापडला होता आणि तो सापडायला नको होता.

"अण्णा," मी म्हणालो, "उजव्या डोळ्यावर जरा हात ठेवा."

त्यांनी ठेवला. मग म्हणाले, "मेन पाडलीस का?"

मी मेनपाशी नव्हतोच. सहाही दिवे डोक्यावर जळत होते. अण्णांनी हात काढला, दिव्यांकडे पाहिलं, पुन्हा डोळ्यावर हात ठेवला, पुन्हा काढला. घड्याळजी माणूस, खात्री केल्याशिवाय काही मानणार नाही. सगळं आयुष्य डावा डोळा मिटून काम केल्यामुळे तो कधी जात राहिला हे त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

मी त्यांना तसंच स्कूटरवर मागे बसवलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, पण त्यांनी काही गोड करून सांगितलं नाही. डावा डोळा जवळपास गेलेला, गेलेलं परत येत नाही. उजव्यालाही कडेने सुरुवात झालेली, पण तो थेंबांनी टिकवता येईल, थेंब आता जन्मभर. आणखी वर्ष काढलं असतं तर तोही हाताबाहेर गेला असता, असं म्हणाल्या. अण्णांनी एकच विचारलं, भिंग लावून काम करू ना. त्या म्हणाल्या, सध्या करा. ‘सध्या’ हा शब्द अण्णा परत येताना रस्ताभर माझ्या पाठीमागे पुटपुटत होते.

घरी आल्यावर त्यांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं, जसं काही घरात कुणी ऐकणारं होतं. म्हणाले, कुंदाला फोन कर आणि सांग की वायरिंगमध्ये फॉल्ट होता, आता काढला. तू सांगितलंस तर ती मानेल. डोळ्याचं मी पुढे कधीतरी सांगेन.

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. इतके दिवस मी त्या घराची एकेक जोडणी उघडून पाहिली होती, आणि बाईने तर नॉब देऊनही लबाडीचा आळ सोसला होता. मी म्हटलं, अण्णा, माझ्या वायरिंगमध्ये फॉल्ट नव्हता. मी तसं सांगणार नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही. फोन तुम्हीच करा. असं म्हणून त्यांचा मोबाइल टेबलावर ठेवला, उजव्या बाजूला, आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आतून अण्णांचा फोनवरचा आवाज आला तो एवढाच: "ये. सांगायचंय."

दुसऱ्या दिवशी मी डिमर परत बसवायला गेलो होतो. तो लागणारच होता, वहिनींची अर्धशिशी कुठे गेली नव्हती. बोर्ड उघडून बसलो असताना त्या आल्या. हातातली कापडी पिशवीही खाली ठेवली नाही, बेडरूमच्या दारात तशाच थांबल्या. मी उठून बाहेर जायला निघालो तर अण्णा म्हणाले, बस पवार, तू साक्षीदार आहेस.

मग ते वहिनींना म्हणाले, "दिवे ठीक होते. पहिल्यापासून. माझा डावा डोळा गेलाय. तू काही केलं नव्हतंस."

मला वाटलं, आता त्या रडतील किंवा इतक्या दिवसांचं सगळं बोलून घेतील. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. बराच वेळ अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, आधी एका डोळ्याकडे, मग दुसऱ्याकडे. त्यांना काहीतरी आठवत होतं.

"मी निघाले त्या सकाळी," त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी चहा घेऊन आले होते. काही बोलले नाही, आपलं बोलणं बंद होतं. टेबलाच्या त्या बाजूला येऊन उभी राहिले. मनात म्हटलं, एकदा मान वर करून नुसतं बघितलं, तरी पिशवी परत आत ठेवीन. चहा गार होईपर्यंत उभी होते. तुम्ही बघितलंसुद्धा नाही. मग कप उचलून नेला आणि गेले."

अण्णा खुर्चीत सावकाश डावीकडे वळले, मान वळवून, मग अख्खं अंग वळवून, टेबलाशेजारची ती मोकळी जागा पूर्ण समोर येईपर्यंत.

"इथे?" ते म्हणाले.